बुधवारचा संघ आणि रविवारची सुटी

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की आपल्याकडे गड, लढाया आणि राजघराणी यांची अपेक्षा असते. आज आम्ही घेतलेल्या विषयात यांपैकी काही नाही. त्यात एक चेंडू आहे, अकरा अकरा माणसांचे दोन संघ आहेत आणि त्यांच्या पाठीमागे गिरणीचा भोंगा आहे. इंग्लंडात १८८९ साली सुरू होऊन १८९२ साली संपलेली ‘फुटबॉल अलायन्स’ ही साखळी स्पर्धा, आणि मुंबईत १८९१ साली सुरू होऊन २०००-०१ नंतर थांबलेला ‘रोव्हर्स चषक’, अशा दोन स्पर्धांची ही हकीकत आहे. पहिली जेमतेम तीन मोसम जगली, दुसरीने शंभरी ओलांडली.

युनियनचे काम करण्यात उमेद घालविलेल्या माणसाने बंद पडलेल्या स्पर्धांवर का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. खेळायला चेंडूच्या आधी वेळ लागतो, आणि कामगाराचा वेळ कोणाच्या मालकीचा, हाच तर आमच्या धंद्यातला मूळ प्रश्न. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाशी अधिक झाले. त्या कपाटात कामाच्या तासांचा इतिहास वाचताना प्रत्येक वळणावर हा चेंडू आमच्या पायाशी येऊन थांबला, म्हणून हा विषय.

आधी इंग्लंडकडे जाऊ. फुटबॉलचे नियम तिथल्या श्रीमंतांच्या शाळांतून आणि विद्यापीठांतून आले, हे खरे. १८७१-७२ मध्ये सुरू झालेला एफ. ए. चषक पहिली दहाएक वर्षे अशाच मंडळींच्या घरी जात असे. परंतु १८८३ साली एक विलक्षण गोष्ट घडली. ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या लँकेशायरच्या संघाने ‘ओल्ड इटोनियन्स’ला, म्हणजे ईटनच्या उमरावी शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला, अंतिम सामन्यात २-१ असे हरविले. जिंकणाऱ्यांत मागावरचे विणकर होते, सूत कातणारे होते, नळ जोडणारा होता. मागावर उभे राहणारे पाय मैदानावर उमरावांच्या पुढे धावले.

हे कसे घडले? इंग्लंडच्या कामगाराला अंगात एकाएकी बळ आले असे नव्हे. त्याचे कारण कायद्याच्या पुस्तकात सापडते. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांत स्त्रियांचे व अल्पवयीनांचे काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबविण्याचे बंधन घातले. त्यांच्या हातांवाचून गिरणी चालत नसे, म्हणून पुरुषांचेही काम थांबले. शनिवारची दुपार मोकळी झाली. पगार हाती, ऊन डोक्यावर आणि रविवार उद्यावर! इंग्लंडातले सामने पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी दुपारी ३ वाजता सुरू होत आले, त्याचे मूळ या २ वाजताच्या भोंग्यात आहे.

१८८५ साली पैसे घेऊन खेळणे तिथे रीतसर मान्य झाले. विणकराने खेळासाठी मजुरी बुडविली तर ती भरून कोणी द्यायची, हा तो वाद होता. मजुरीची फिकीर नसलेले लोक ‘हौसेसाठी खेळा’ असे सांगत होते. हौसेचा उपदेश नेहमी भरल्या पोटी होतो. पुढे १८८८ साली बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला संघाचे विल्यम मॅग्रेगर यांनी पुढाकार घेऊन बारा संघांची ‘फुटबॉल लीग’ उभी केली. वेळापत्रक आधी ठरलेले, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे आणि शेवटी गुणांचा तक्ता. आज जगभर चालणारी साखळी पद्धत ती हीच.

या बारांत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी काय केले, ही आमच्या दृष्टीने खरी शिकण्याजोगी गोष्ट. त्यांनी त्याच वर्षी ‘कॉम्बिनेशन’ नावाची दुसरी जूट बांधली. तीत वीस संघ होते. प्रत्येकाने आठ प्रतिस्पर्ध्यांशी खेळावे असे ठरले, पण सामने कोणी, केव्हा, कोठे लावायचे हे ज्याचे त्याच्यावर सोपविले. मध्यवर्ती कचेरी नाही, तक्ता नाही, जबाबदार माणूस नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. १८८९ च्या एप्रिलात, मोसम पुरा होण्याआधीच, ती जूट मोडली. श्रोतेहो, आम्ही आयुष्यात अशा पुष्कळ समित्या पाहिल्या आहेत. उत्साहाने नावे दिली जातात, आणि चिटणीस मात्र कोणीच होत नाही.

या अपयशातून १८८९ साली ‘फुटबॉल अलायन्स’ जन्मली. शेफील्डच्या ‘वेन्सडे’ संघाचे जॉन होम्स तिचे अध्यक्ष झाले. पुन्हा बारा संघ, पण या वेळी लीगसारखे शिस्तीचे वेळापत्रक. पहिल्या मोसमाचे विजेतेपद याच वेन्सडे संघाने मिळविले. वेन्सडे म्हणजे बुधवार! हे नाव ऐकून आपल्याला हसू येईल, पण पुण्याच्या पेठांची नावे वारांवर असतात तसेच हे आहे. शेफील्डात १८२० साली काही कारागीर बुधवारी अर्धी सुटी मिळे म्हणून त्या दिवशी क्रिकेट खेळायला जमत. त्यांच्या मंडळाचे नाव बुधवार पडले, आणि १८६७ साली त्याच मंडळाने फुटबॉलचा संघ काढला. एखाद्या राजाचे, देवाचे किंवा गावाचे नाव न घेता सुटीच्या वाराचे नाव घेणारा संघ! सुटी ही किती मोलाची वस्तू आहे, हे त्या कारागिरांनी आपल्या संघाच्या नावातच लिहून ठेवले.

अलायन्समधल्या आणखी दोन संघांकडे दौंडच्या मंडळींचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. एक क्रू अलेक्झांड्रा, हा क्रू या रेल्वेच्या कारखान्यांवर वसलेल्या गावाचा संघ. दुसरा न्यूटन हीथ. मँचेस्टरजवळच्या न्यूटन हीथ येथे लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचा डबे आणि वाघिणी दुरुस्त करण्याचा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी १८७८ साली हा संघ स्थापन केला, आणि कित्येक वर्षे रेल्वेच्या नावाची आद्याक्षरे ते आपल्या नावापुढे लावीत. १८७८ हेच साल आपल्या धोंड-मनमाड लोहमार्गाचेही आहे. ज्या वर्षी इकडे रूळ सुरू होऊन धोंड गाव जंक्शन झाले, त्याच वर्षी तिकडे वाघिणींखाली झोपून नटबोल्ट आवळणारी माणसे संध्याकाळी चेंडूमागे धावू लागली होती.

अलायन्सचा दुसरा मोसम स्टोक संघाने जिंकला, तिसरा नॉटिंगहॅम फॉरेस्टने. तिसऱ्यात न्यूटन हीथचा दुसरा क्रमांक होता. मग १८९२ साली लीग आणि अलायन्स एकत्र झाल्या. फॉरेस्ट, वेन्सडे आणि न्यूटन हीथ यांना वरच्या श्रेणीत जागा मिळाली. बहुतेक बाकीच्यांसह बारा संघांची दुसरी श्रेणी तयार झाली. अलायन्स संपली ती अशी. ती हरली नाही, मोठ्या संघटनेत मिसळली. पण मिसळताना सगळेच तरले नाहीत. संडरलंड अल्बियन आणि बर्मिंगहॅम सेंट जॉर्जेस हे दोन संस्थापक संघ त्याच वर्षी मिटले. बूटल संघ नव्या घरात एकच मोसम राहिला.

न्यूटन हीथचे पुढे काय झाले? संघ कर्जात बुडाला. १९०२ साली जॉन हेन्री डेव्हिस या दारूभट्टीच्या मालकाने पैसा घातला आणि नाव बदलले. तोच आजचा मँचेस्टर युनायटेड. आज त्या नावाचे सदरे आपल्या एस. टी. स्टँडवरची पोरेही घालून हिंडतात. ते वाघिणी दुरुस्त करणाऱ्यांचे लेकरू आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मात्र रक्त लवकर बदलत नाही. १९०१ साली खेळाडूंचा पगार आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त असू नये असा नियम झाला होता. त्याविरुद्ध १९०७ साली मँचेस्टरात खेळाडूंची युनियन उभी राहिली, तिच्या पुढाऱ्यांत युनायटेडचा बिली मेरेडिथ होता. १९०९ साली युनियन सोडा, नाहीतर खेळ बंद, असा दम अधिकाऱ्यांनी दिला. इतर ठिकाणी पुष्कळ जण वाकले. युनायटेडचे खेळाडू वाकले नाहीत. त्यांनी ‘बहिष्कृतांचा संघ’ अशी स्वतःची पाटी लावून छायाचित्र काढून घेतले. ती पगाराची मर्यादा उठायला मात्र १९६१ साल उजाडावे लागले.

आता मुंबईला येऊ. इंग्लंडात अलायन्सचे सामने चालू होते त्या वेळी परळ-गिरगावच्या बाजूला काय चित्र होते? गिरणी उजाडता सुरू होई आणि मावळता थांबे. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सणावाराला चाके थांबत, आणि पुष्कळदा रविवारीही यंत्रे पुसायला कामगाराला यावे लागे. या अंधारात ज्यांनी दिवा लावला ते नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले कन्हेरसर. सत्यशोधक विचारांचा हा माणूस, ‘दीनबंधू’चा संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुटीची. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुटीला कायद्याचे बळ दिले.

आणि नेमक्या त्याच १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला! परंतु या दोन घटनांचा एकमेकींशी त्या वेळी काही संबंध नव्हता, आणि आमच्या मते इथेच इंग्लंडचा व आपला इतिहास वेगळा होतो. तिकडे कामगाराची सुटी आधी आली आणि स्पर्धा तिच्यातून उगवली. इकडे स्पर्धा गोऱ्या पलटणींसाठी गोऱ्यांनी आणली. पहिला चषक वुस्टरशायर रेजिमेंटने नेला. सिमल्याचा दुरँड चषक १८८८ चा, कलकत्त्याची आय. एफ. ए. शील्ड १८९३ ची. तिन्हींचा जन्म छावणीच्या सावलीत झाला. १९०२ मध्ये मुंबईत हारवुड लीग ही साखळी स्पर्धाही सुरू झाली, १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आली. गिरणगावाने आपला नवा रविवार तालमीत, कुस्तीत, भजनात आणि गावाकडच्या मंडळींच्या बैठकीत घालविला. तो त्याचा होता, त्याने तो हवा तसा घालविला. मैदानाच्या दोरीपलीकडे मात्र फार वर्षे त्याला जागा नव्हती.

दोरी हळूहळू ढिली झाली. १९११ मध्ये मोहन बागानने बहुतांशी अनवाणी खेळून कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरविले. १९२३ मध्ये याच संघाला रोव्हर्सचे आमंत्रण मिळाले. तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून ४-१ असा हरला. शेवटी १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. पलटणींच्या हातून तो प्रथमच भारतीय संघाकडे आला, तोही स्पर्धा सुरू होऊन ४६ वर्षांनी. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री ही शेवटची ब्रिटिश पलटण गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून जहाजावर चढली, तेव्हा ज्यांच्यासाठी स्पर्धा निर्माण झाली तेच निघून गेले होते. वास्तविक ती तेव्हाच मरायची. ती जगली, कारण पोशिंदा बदलला.

नवे पोशिंदे म्हणजे नोकरी देणारे. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी चषक घेतला. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. १९५८ साली कॅलटेक्स या तेल कंपनीच्या मुंबईच्या संघाने जिंकला, १९६४ साली बंगाल नागपूर रेल्वेने, १९६५ साली मफतलाल गिरण्यांच्या संघाने. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या याच कंपन्यांच्या मैदानांवर घडलेला खेळाडू. कूपरेजचे मैदान त्या काळी भरून वाहत असे. खेळाडूला कारकुनी वा कारखान्यातली जागा मिळे, हजेरीपटावर नाव असे, सरावाला दुपारी सुटी मिळे, आणि गुडघा कामातून गेला तरी नोकरी राही. या शेवटच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. गुडघा गेला तरी नोकरी राही. खेळाला जोखीम पत्करता येते ती पाठीशी कायम नोकरी असेल तेव्हाच.

यात एक उणीव होती, ती झाकण्यात अर्थ नाही. गिरणीचा संघ म्हणजे गिरणीतल्या जॉबरचा किंवा विणकराचा संघ असे क्वचितच असे. चांगला खेळाडू बाहेरून आणून त्याला नोकरीवर दाखविले जाई. न्यूटन हीथवाल्यांनीही वेल्समधून खेळाडू आणून त्यांना रेल्वेच्या कारखान्यात चिकटविले होते, तेव्हा ही रीत जुनी आहे. पण तिचा परिणाम असा की संघ कामगारांच्या नावाचा आणि चावी मालकाच्या खिशात. मालकाचा हिशेब बदलला की संघाचे दार बंद.

आणि हिशेब बदलले. १९७४ ते १९७६ च्या दरम्यान परदेशी तेल कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या आणि कॅलटेक्स हे नाव मैदानावरून गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपानंतर गिरणगाव पहिल्यासारखे उभे राहिले नाही. जिथे माग थांबले तिथे चेंडू कितीसा चालणार? १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आली, तिच्या वेळापत्रकात जुन्या चषकांना जागा अपुरी पडू लागली. २०००-०१ मध्ये मोहन बागानने चर्चिल ब्रदर्सला हरवून रोव्हर्स चषक उचलला, आणि त्यानंतर परंपरा खंडित झाली. २०१० साली मुंबईचा महिंद्र युनायटेड हा बलाढ्य संघही कंपनीने बंद केला. दुरँड चषक मात्र आजही खेळला जातो, कारण त्याच्या पाठीशी सैन्यदले आहेत, आणि सैन्यदल ताळेबंद पाहून आपले घर मोडीत नाही.

आता या सगळ्याचा मेळ घालू. अलायन्स आणि रोव्हर्स दोन्ही संपल्या, पण संपण्यासंपण्यात फरक आहे. अलायन्स संपली तेव्हा तिचे संघ उरले. वेन्सडे आहे, फॉरेस्ट आहे, क्रू आहे. कारण संघ गावाचे होते. तिकिटाला पैसे देणारा माणूस शनिवारी दुपारी मोकळा होता आणि तो हटेना. रोव्हर्स थांबली तेव्हा तिच्याआधीच तिचे कितीतरी संघ गेले होते. पलटणी, कंपन्या, गिरण्या, सगळे पोशिंदे वरचे. खालून वर्गणीचे मूळ धरलेले नव्हते. बोनसची लढाई आणि खेळाची लढाई यांत आम्हांस फरक दिसत नाही. दयेने मिळालेली वस्तू दया आटली की जाते. संघटनेने मिळविलेली वस्तू घालवायला समोरच्याला लढावे लागते.

हे आपल्या गावांना लागू करून पाहा. शिरूरला घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती, ती गेली. आज शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंड तालुक्यात कुरकुंभची. दौंडात रेल्वेची वसाहत आहे, राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. तरणी पोरे हजारोंनी आहेत. पण कंत्राटावरचा पोरगा संघ कसा बांधणार? पुढच्या महिन्यात तो त्याच दारातून आत जाईल की नाही हे त्याला ठाऊक नसते. आम्ही उमेदवारी केली त्या कारखान्याच्या मागे एक मैदान होते, पाळी सुटली की तिथे अंधार पडेपर्यंत खेळ चाले. एक दिवस तिथे गोदामाचा पाया खणला गेला. कोणी विचारले नाही, आणि विचारायचे असते हे आम्हा पोरांना तेव्हा माहीतही नव्हते.

कामाचे तासही पुन्हा चर्चेत आले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा राखली असल्याचे सांगितले गेले. कागदावर बेरीज तीच राहील. पण बारा तासांची पाळी आणि येण्याजाण्याचे दोन तास धरले तर उरलेल्या दहांत जेवण, झोप, लेकरू आणि मैदान यांतले काय बसते, ही बेरीज ज्याची त्याने घरी मांडावी. आणि घरातल्या बाईची बेरीज वेगळी मांडावी. महालक्ष्मीच्या सभेत ज्या दोघी बोलल्या त्यांच्या नातींना आणि पणतींना रविवार म्हणजे धुण्याचा आणि दळणाचा वार, याहून अधिक काही मिळाले का, हेही विचारावे.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. मागणीपत्रात पगार, बोनस, कँटीन यांच्या खाली ‘खेळाचे मैदान आणि सरावाचा वेळ’ हे कलम घालावे, आणि वाटाघाटीत ते पहिल्या झटक्यात सोडून देऊ नये. दोन्ही तालुक्यांतल्या कारखान्यांचे, रेल्वेचे, पोलिसांचे, बाजार समितीतल्या हमालांचे आणि महाविद्यालयांचे मिळून आठ संघ झाले तरी एक साखळी स्पर्धा उभी राहते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे छप्पन सामने. मोसमभर रविवार कामी येतील. वर्गणी थोडी असावी पण प्रत्येकाची असावी. मालकाने देणगी दिली तर पावती द्यावी, अध्यक्षपद देऊ नये. आणि सर्वांत आधी एक चिटणीस नेमावा, जो वेळापत्रक लिहील, तक्ता भिंतीवर लावील आणि हिशेब वाचून दाखवील. ‘कॉम्बिनेशन’ मोडली ती चेंडू नव्हता म्हणून नव्हे, चिटणीस नव्हता म्हणून.

संघाला नाव काय द्यावे असे कोणी विचारील. आमच्या मनात एक नाव आहे. शेफील्डच्या कारागिरांनी आपल्या सुटीच्या वाराचे नाव संघाला दिले. आपला वार लोखंड्यांनी मिळवून दिलेला आहे. दौंड रविवार, शिरूर रविवार ही नावे वाईट नाहीत.